एका नावाचा संच आणि साथीला बसलेली माणसे

गेल्या महिन्यात मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाने दोन सीडींची एक जुनी पेटी माझ्या हातात ठेवली. तिच्यावर 'द इसेन्शियल जॉन मॅक्लॉफ्लिन' असे नाव होते. कोलंबिया-लेगसी या ध्वनिमुद्रण कंपनीने 2007 साली हा संच काढला, तेव्हा या इंग्रज जाझ गिटारवादकाने वयाची पासष्ट वर्षे पूर्ण केली होती आणि त्याच्या मागे चार दशकांहून अधिक काळाचे वादन जमा झाले होते. घरातला सीडी प्लेअर चार वर्षांपासून झाकून ठेवलेला होता, त्यामुळे तो पुसून, वायरी जोडून, त्याच्या झडपेला उघडायला राजी करण्यात पहिली संध्याकाळ गेली. नंतरच्या तीन आठवड्यांत मात्र मी संचाबरोबर मॅक्लॉफ्लिन यांचे मूळ अल्बमही एकेक करून पुन्हा ऐकले, आणि त्या ऐकण्यातून जे मनात साचले ते इथे लिहून ठेवतो आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात जाझ ही काही वडिलोपार्जित गोष्ट नव्हे. वडील देवल क्लबच्या बैठकींना नेमाने जाणारे श्रोते होते, मी स्वतः काही वर्षे तबला शिकून सोडून दिलेला माणूस आहे आणि आत्याने तरुणपणी थोडे गाणे शिकले होते. 1883 साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब आणि राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेले उस्ताद अल्लादियाँ खाँ या दोन नावांभोवती आमच्या गावाचे संगीत फिरते. खाँसाहेबांविषयी एक गोष्ट मला लहानपणापासून विलक्षण वाटत आली आहे, ती अशी की ज्यांच्या गायकीने पुढे जयपूर-अत्रौली घराण्याचे एवढे मोठे दालन उभे राहिले, त्यांचे स्वतःचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांची कारकीर्द ऐकायची असेल तर ती त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या आणि मोगूबाई कुर्डीकरांच्या गळ्यातून, म्हणजे दुसऱ्यांकडून, ऐकावी लागते. त्यामुळे एका कलावंताची सगळी कारकीर्द दोन तबकड्यांत भरून वर त्याचे एकट्याचे नाव छापलेले पाहिले की माझ्यासारख्या कोल्हापूरकराला थोडे अवघडल्यासारखे होते. मॅक्लॉफ्लिन यांच्या बाबतीत तर हे अवघडलेपण अधिकच जाणवते, कारण त्यांचे सारे वादन म्हणजे मुळात संगतीची गोष्ट आहे.

त्यांचा जन्म 4 जानेवारी 1942 रोजी यॉर्कशायरमधल्या डॉनकास्टर या गावी झाला. आई व्हायोलिन वाजवत असे आणि गिटार घरातल्या थोरल्या भावंडांकडून त्यांच्या हाती आली. लंडनमध्ये साठच्या दशकात त्यांनी रिदम अँड ब्लूजच्या मंडळींबरोबर वाजवले, दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांत रोजंदारीवर गिटार वाजवण्याचे कामही पुष्कळ केले, आणि जानेवारी 1969 मध्ये 'एक्स्ट्रापोलेशन' हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्यात सॅक्सोफोनवर जॉन सरमन आणि ड्रमवर टोनी ऑक्सली आहेत. हा अल्बम आजही ताजा वाटतो. इथली गिटार अजून कर्कश झालेली नाही, ती सरमन यांच्या सॅक्सोफोनला टेकून चालते, आणि त्यांनी एखादी जागा घेतली की तिला लागूनच दुसरी ठेवते.

त्यानंतरचे काही आठवडे जाझच्या इतिहासात वारंवार सांगितले जातात. ड्रमवादक टोनी विल्यम्स यांच्या 'लाइफटाइम' या तिघांच्या संचात सामील होण्यासाठी फेब्रुवारी 1969 मध्ये मॅक्लॉफ्लिन न्यूयॉर्कला पोचले, आणि अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवून थोडेच दिवस झालेले असताना, 18 फेब्रुवारीला, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 'इन अ सायलेंट वे' या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाला ते स्टुडिओत बसलेले होते. अल्बमच्याच नावाची रचना पियानोवादक जो झाविनुल यांची होती. तिच्यातले बहुतेक स्वरसंघ माइल्स यांनी काढून टाकले आणि गोंधळून बसलेल्या या नव्या मुलाला सांगितले की गिटार येतच नाही असे समजून वाजव. मॅक्लॉफ्लिन यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. ती वाचून जेवढे कळते त्याहून अधिक ऐकून कळते, कारण सुरुवातीला गिटार एकेक स्वर असा ठेवते की जणू प्रत्येक स्वराच्या आधी परवानगी मागितली आहे. आमच्याकडे जाणकार वडीलधारी माणसे नव्या गायकाला आधी नुसता षड्ज लावायला सांगत, त्याची मला हटकून आठवण झाली. फरक एवढाच की इथे षड्ज लावणारा माणूस आधीच तयार वादक होता आणि त्याची तयारी काही मिनिटांपुरती काढून घेण्यात आली होती.

पुढच्या वर्षी, 7 एप्रिल 1970 रोजी, 'अ ट्रिब्यूट टू जॅक जॉन्सन' या अल्बमसाठी जे घडले ते मला या सगळ्या कारकिर्दीच्या मध्यभागी ठेवावेसे वाटते. माइल्स काचेपलीकडे निर्माते टिओ मासेरो यांच्याशी बोलण्यात गुंतले होते आणि इकडे वाट पाहून कंटाळलेल्या मॅक्लॉफ्लिन यांनी एक ठसकेबाज शफल, म्हणजे झोके घेत चालणारी लय, सुरू केला. ड्रमवर बिली कॉबहम आणि बेसवर मायकल हेंडरसन त्यात येऊन मिसळले, ध्वनिमुद्रण चालूच होते, आणि दोनेक मिनिटांनी गिटारने सूर बदलल्याच्या क्षणी माइल्स ट्रम्पेट घेऊन आत शिरले. हातात बाजाराच्या पिशव्या घेऊन सहज डोकावलेल्या हर्बी हँकॉक यांनाही त्यांनी ऑर्गनवर बसवले. 'राइट ऑफ' नावाची ही रचना जवळपास 27 मिनिटांची आहे. तिच्यातली गिटार फार अवघड काही वाजवत नाही, पण ती सतत दुसऱ्यांना जागा करून देत राहते. ज्याला आपण उत्तम पेटीवाला म्हणतो, जो गायकाच्या मागे अर्ध्या पावलावर असतो आणि नेमक्या वेळी पुढे येऊन पुन्हा मागे सरतो, त्याचे हे काम आहे.

अशा रचनेचे निवडक संचात काय करायचे हा संकलकापुढचा खरा प्रश्न असतो. एका सीडीत फार तर 80 मिनिटे मावतात, म्हणजे दोन सीडींना 160. मॅक्लॉफ्लिन यांच्या उत्तम रचनांपैकी कितीतरी वीस-पंचवीस मिनिटांच्या आहेत. मग एक तर लांब रचना वगळायच्या किंवा त्यांना कात्री लावायची, आणि कात्री लागली की जे आधी जाते ते साथीदारांचे असते. पेटीवर नाव गिटारवादकाचे आहे म्हटल्यावर गिटारचा तुकडा राखायचा आणि ड्रमचा, व्हायोलिनचा, घटमचा (वाद्य म्हणून वाजवायच्या मातीच्या घड्याचा) विस्तार उडवायचा, हे संकलकाच्या बाजूने पाहिले तर अगदी स्वाभाविक आहे. मला त्याचा राग येत नाही. विलंबित ख्यालातली फक्त शेवटची पाच मिनिटे रेडिओवर ऐकून 'काय तयारी आहे' म्हणणारे श्रोतेही असतातच. परंतु या माणसाच्या बाबतीत साथीदार कापले की उरते ती अतिवेगवान बोटे, आणि ती त्यांच्या संगीताची सर्वांत कमी मनोरंजक बाजू आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

या मताची परीक्षा 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'च्या वेळी होते. अध्यात्मगुरू श्री चिन्मय यांचे शिष्यत्व पत्करल्यावर गुरूंनी दिलेले 'महाविष्णू' हे नाव घेऊन मॅक्लॉफ्लिन यांनी 1971 मध्ये हा संच उभा केला. त्यात पनामात जन्मलेले कॉबहम, चेकोस्लोव्हाकियातून आलेले कीबोर्डवादक यान हामर, अमेरिकन व्हायोलिनवादक जेरी गुडमन आणि आयरिश बेसवादक रिक लेअर्ड होते. 'द इनर माउंटिंग फ्लेम' हा त्यांचा पहिला अल्बम 1971 चा आणि 'बर्ड्स ऑफ फायर' 1973 चा. त्या वर्षाच्या अखेरीस हे पाच जण विभक्तही झाले. आवाज प्रचंड, वेग त्याहून प्रचंड, आणि दोन मानांची गिटार. माझ्या परिचयातले जाझचे एक रसिक या काळाला 'मारामारी' म्हणतात. कोल्हापूरकराला मात्र विजेच्या तारवाद्याचा फाटका, करकरीत आवाज परका नाही, कारण गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवर बेंजो पार्टीचा कर्णा कानाशी घेऊन आम्ही लहानाचे मोठे झालो आहोत. बेंजोवाला जसा एकेका स्वराला फाडून त्याच्यातून धार काढतो तशीच धार इथे आहे. त्यामुळे या आवाजाने मी दचकलो नाही, मला अडवले ते लयीने.

'बर्ड्स ऑफ फायर' ही रचना अठराच्या आवर्तनात चालते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा जुन्या सवयीने मी मांडीवर ताल धरला आणि तिसऱ्याच आवर्तनात सम हातातून निसटली. आपल्याकडे लक्ष्मीताल अठरा मात्रांचा आहे, पण तो वाजवणारे आणि ऐकणारे दोघेही विरळाच, आणि शिवाय इथले खंड त्या तालासारखे पडत नाहीत. गुडमन यांचे व्हायोलिन, हामर यांचे कीबोर्ड आणि गिटार एकच अवघड तान एकत्र घेतात, तेव्हा लक्ष वेगाकडे जाते. पुढच्या वेळी मी मुद्दाम फक्त ड्रम ऐकले. कॉबहम समेवर आदळत नाहीत, ते समेच्या अलीकडे-पलीकडे भरणा करतात आणि बाकीच्या चौघांना ती सापडेल एवढी खूण तेवढी ठेवतात. पाच जणांपैकी एक जरी कमी ताकदीचा असता तर ही इमारत उभी राहिली नसती. नंतर 1974 मध्ये 'अपोकॅलिप्स'साठी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि निर्माते म्हणून जॉर्ज मार्टिन आले, पण त्या भव्य अल्बमविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही.

खरी वळणाची जागा 'शक्ती' आहे. मॅक्लॉफ्लिन यांनी अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. व्हायोलिनवादक एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. 'विक्कू' विनायकराम आणि मृदंगमवर आर. राघवन यांच्यासह त्यांनी जुलै 1975 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथॅम्प्टन कॉलेजात जी मैफल केली ती 'शक्ती'चा पहिला अल्बम म्हणून प्रसिद्ध झाली. त्यात तीनच रचना आहेत. 'जॉय' 18 मिनिटांची, 'लोटस फीट' पाच मिनिटांहून थोडी कमी, आणि तिसरी, जिचे नावच एका श्वासात म्हणता येत नाही, ती 29 मिनिटांची. संकलकाला यांतली कोणती सोयीची पडेल हे सांगायला ज्योतिषी नको. 'लोटस फीट' सुंदरच आहे, एखाद्या अभंगाच्या चालीसारखी शांत आहे. परंतु 'शक्ती' काय होते ते 'जॉय'च्या उत्तरार्धात कळते. तिथे कर्नाटकी आणि हिंदुस्तानी अशा दोन वेगळ्या लयपरंपरांतले तालवादक एकमेकांचे बोल उचलून परत करतात आणि गिटार व व्हायोलिन बाजूला होऊन त्यांना वाट देतात. तबल्याची भाषा थोडीफार कळणाऱ्या माणसाला ही सवालजवाबाची मिनिटे मेजवानी आहेत. झाकीरभाईंचे वय तेव्हा अवघे 24 होते.

या संचासाठी जी गिटार बनवून घेतली गेली तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती गोष्ट आमच्या टापूतल्या कारागिरांना माझ्यापेक्षा लवकर कळते. अब्राहम वेक्टर या कारागिराने गिब्सन कंपनीसाठी ती घडवली. नेहमीच्या सहा तारांखाली, आवाजाच्या भोकावरून तिरक्या जाणाऱ्या सात तरफेच्या तारा तिला बसवल्या होत्या, म्हणजे वरची तार छेडली की त्या स्वराला मिळवलेली खालची तार आपोआप झंकारते. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा होता. दोन पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केले होते, त्यामुळे बोट लाकडाला न टेकता तार दाबून व ओढून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी घसर, काढता येते. सपाट पट्टीच्या गिटारवर स्वर थोडासा वाकवता येतो, पण वीणेसारखी गमक तिच्यावर निघत नाही.

आमच्या शेजारी मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणारी घराणी पिढ्यान् पिढ्या हेच काम करीत आली आहेत, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका कामासाठी मिरजेला गेलो असता सतारमेकर गल्लीतल्या एका वयस्क कारागिराला मी या गिटारचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले. त्यांनी ते मोठे करून तरफेच्या तारांवर बराच वेळ बोट फिरवले आणि म्हणाले, "तरफा बसवल्यात खऱ्या, पण जवारी कुठं दिसंना. आणि भोपळ्याशिवाय घुमारा कुठला धरायचा?" जवारी म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीची घडण. मग थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, "पण कोरलंय चांगलं." घरी येऊन 'जॉय' पुन्हा ऐकली तेव्हा दोन्ही अभिप्राय बरोबर असल्याचे जाणवले. तरफांचा झंकार सतारीसारखा भरून येत नाही, तो कडेकडेने एक पातळ चकाकी देतो. मींड मात्र खरीखुरी आहे.

आता त्या अल्बमकडे येतो ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. 'शक्ती'नंतर लगेच, 1978 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मॅक्लॉफ्लिन यांनी स्वतःच स्वतःचे सिंहावलोकन करून ठेवले आहे. त्या अल्बमचे नाव 'जॉनी मॅक्लॉफ्लिन, इलेक्ट्रिक गिटारिस्ट' असे आहे, आणि यॉर्कशायरमधल्या पोरवयात त्यांनी छापून घेतलेल्या पहिल्या व्हिजिटिंग कार्डावर हेच शब्द होते. परंतु त्यांनी जुनी ध्वनिमुद्रणे एकत्र केली नाहीत, तर जुनी माणसे एकत्र बोलावली. एका रचनेत कॉबहम आणि गुडमन आहेत, एकीत कार्लोस सँटाना आहेत, एकीत 'लाइफटाइम'च्या दिवसांतले टोनी विल्यम्स आणि जॅक ब्रूस आहेत, तर एकीत चिक कोरिया, स्टॅनली क्लार्क आणि जॅक डीजॉनेट. कॉबहम यांच्याबरोबर नुसत्या ड्रम आणि गिटारची एक जुगलबंदीही आहे. साऱ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर शेवटी 'माय फूलिश हार्ट' हे जुने गाणे एकट्या गिटारवर येते. सगळी मंडळी जेवून उठल्यावर यजमानाने पानावर बसावे तसे ते वाटते.

मला ही पद्धत संकलनापेक्षा कितीतरी पटीने अधिक प्रामाणिक वाटते. मागे वळून पाहायचे तर आपण काय वाजवले यापेक्षा कोणाबरोबर वाजवले हे पाहावे, आणि तेही आज त्यांच्यासमोर बसून पाहावे, अशी ती कल्पना आहे. सगळ्या रचना सारख्या उतरलेल्या नाहीत हेही खरे आहे. सँटानांबरोबरची मला जरा गोड-गोड वाटली. पण कॉबहमबरोबरच्या जुगलबंदीत गिटार एखादा तुकडा अर्धवट सोडते आणि ड्रम तो तिथूनच उचलतात, तेव्हा दोघांनी मधली चार-पाच वर्षे वेगळी काढली आहेत हे खरे वाटत नाही.

त्यानंतरच्या स्पॅनिश वळणाविषयी थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. 5 डिसेंबर 1980 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये पाको दे लुसिया आणि अल दि मेओला यांच्यासह झालेल्या तीन गिटारच्या मैफलीचा अल्बम प्रचंड गाजला. तो गाजणे समजण्यासारखे आहे आणि मला तो एका बैठकीत पूर्ण ऐकवत नाही. तीन जण एकमेकांवर कुरघोडी करीत असले की साथ करणारा कोणी उरत नाही.

रविवारी दुपारी मी 1989 च्या लंडनमधल्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या मैफलीचा अल्बम लावला होता. त्यात मॅक्लॉफ्लिन, बेसवर काई एकहार्ट आणि तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू असे तिघेच आहेत. त्रिलोक यांची मांडणी आगळी असते. ड्रमच्या संचात तबला, घंटा आणि झांजा मिसळलेल्या असतात, ते जमिनीलगत बसून वाजवतात आणि पाण्याच्या बादलीत घंटा बुडवून तिचा सूर वाकवतात. आत्या खोलीत आडवी झाली होती. तिचे वय आता चौऱ्याऐंशी आहे आणि परदेशी वाद्ये लागली की ती सहसा दार ओढून घेते. या वेळी ती उठून बाहेर आली.

"कोण वाजवतंय रे हे? बोल आपले आहेत."

"त्रिलोक गुर्टू, आत्या. मुंबईचे आहेत."

"गुर्टू म्हणजे? शोभाबाईंचा मुलगा की काय?"

शोभा गुर्टूंचाच मुलगा. आत्या खुर्ची ओढून बसली आणि मग अर्धा तास गिटार बाजूला राहिली. शोभाबाईंचा जन्म 1925 साली बेळगावचा, माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई या नर्तकी होत्या आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे शिकलेल्या होत्या. शोभाबाईंच्या स्वतःच्या तालमीचा आरंभ अल्लादियाँ खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव उस्ताद भूर्जी खाँ यांच्याकडे, इथे कोल्हापुरातच झाला. पुढे त्या ठुमरी-दादऱ्याच्या राणी म्हणून ओळखल्या गेल्या, आणि 1988 मध्ये त्रिलोक यांनी 'उस्फ्रेट' हा अल्बम केला तेव्हा मुलाच्या त्या वेगळ्या जगातही त्या गायल्या. आत्याने त्यांची ठुमरी समोर बसून ऐकली होती. कोणती हे तिला आता आठवत नाही, परंतु एका मुरकीवर सभागृहातल्या बायका कशा एकदम पुढे झुकल्या होत्या ते तिने हात पुढे करून दाखवले.

त्या लंडनच्या मैफलीच्या अल्बममध्ये 'मदर टंग्ज' नावाची एक रचना आहे. तिचा अर्थ मी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "बरोबर ठेवलंय नाव," आणि पुढचे काही बोलली नाही. मी मात्र हिशेब मांडत बसलो. देवल क्लबवरून चालत जाताना ज्या घराण्याविषयी आपण सहज अभिमानाने बोलतो, त्याच घराण्याच्या एका विद्यार्थिनीचा मुलगा लंडनमध्ये बसून डॉनकास्टरच्या माणसाला साथ करतो आहे आणि ती साथ चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका कोल्हापूरकर बाईला झोपेतून उठवून बाहेर आणते आहे.

हिशेब सुरू झाल्यावर तो पुढेही चालला. 'शक्ती'चे झाकीर हुसेन हे उस्ताद अल्लारखाँ यांचे चिरंजीव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'रिमेंबर शक्ती' नावाने तो संच पुन्हा उभा राहिला, त्यात मँडोलिनवादक यू. श्रीनिवास आले आणि कंजिरा (डफासारखे छोटे तालवाद्य) व घटमवर विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश बसले. म्हणजे वडिलांची जागा मुलाने घेतली. डिसेंबर 2000 मधल्या मुंबईच्या मैफलींचा 'सॅटर्डे नाइट इन बॉम्बे' हा अल्बम याच काळातला. त्यात संतूरवर पंडित शिवकुमार शर्मा आहेत आणि शंकर महादेवन यांचा आवाज आहे. पुढे 'फोर्थ डायमेन्शन' या संचात ड्रमवर रणजित बारोट आले, जे कथक नृत्यांगना सितारादेवींचे चिरंजीव आहेत. आईच्या ठुमरीतून किंवा आईच्या घुंगरांतून लय घेऊन आलेले दोन ड्रमवादक, आणि वडिलांच्या मांडीवर बोल शिकलेले दोन तालवादक, एकाच गिटारवादकाच्या आयुष्यात यावेत हा योगायोग नसावा. ज्याला कोनाकोल, म्हणजे कर्नाटकी तालाचे बोल, तोंडाने म्हणता येते, ज्याने सेल्वागणेश यांच्याबरोबर ते शिकवणारी डीव्हीडीही केली, तो माणूस तालाची घराणी ओळखून साथीदार निवडत असणार, असे मला वाटते.

2007 चा संच इथवर येऊ शकत नाही, कारण त्यानंतरही मॅक्लॉफ्लिन थांबले नाहीत. हाताच्या संधिवाताने त्रस्त असताना त्यांनी 2017 च्या अखेरीस अमेरिकेचा निरोपाचा दौरा केला आणि गिटारवादक जिमी हेरिंग यांच्या संचासह 'महाविष्णू'च्या रचना पुन्हा वाजवल्या. त्याचे ध्वनिमुद्रण झाले ते सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच वॉरफिल्ड थिएटरमध्ये, तीन गिटारच्या मैफलीनंतर सदतीस वर्षांनी. 2023 मध्ये 'शक्ती'चा 'धिस मोमेंट' आला, 1977 नंतरचा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम, आणि त्याला 2024 चे ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीरभाई गेले. 'धिस मोमेंट'मधली गिटार पूर्वीपेक्षा कमी बोलते. तिचा आवाज इलेक्ट्रॉनिक वळणाने बासरीसारखा गोल झाला आहे, वेग अजून आहे पण त्याची घाई राहिलेली नाही, आणि तबला पुढे आला की ती खुशाल गप्प बसते. मला पुन्हा 1969 च्या त्या एकेक स्वराची आठवण झाली.

गेल्या बुधवारी मी एका फुलस्केप कागदावर या सगळ्यांची नावे लिहून काढली, पेटीत ठेवण्यासाठी. सरमन, विल्यम्स, कॉबहम, हामर, गुडमन, शंकर, विनायकराम, राघवन, झाकीर, त्रिलोक, श्रीनिवास, सेल्वागणेश, रणजित, आणि आणखी कितीतरी. कागदाची एक बाजू भरली. आत्याने चष्मा लावून यादी वरून खाली वाचली आणि विचारले, "शोभाबाईंचं नाव कुठाय?" मी म्हणालो की त्या मॅक्लॉफ्लिन यांच्याबरोबर गायलेल्या नाहीत. तिने कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. मी शोभा गुर्टू लिहिले, मग तिच्या सांगण्यावरून मेनकाबाई, मग भूर्जी खाँ. चार घड्या घालूनही तो कागद जाडच राहिला आहे, त्यामुळे पेटीचे झाकण आता बसत नाही आणि तिला रबर लावून ठेवले आहे.